सोन्याच्या वाटेची वाटखर्ची

बँकेच्या नोकरीत असताना काही वर्षे मी एका तालुक्याच्या गावी होतो. सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी साठीकडे झुकलेल्या एक बाई आपल्या मुलासह आल्या आणि रुमालाच्या पुरचुंडीतून दोन पाटल्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. मुलाला आखाती देशात नोकरी मिळणार होती. व्हिसा, विमानाचे तिकीट आणि काम असे सगळे मिळून एका दलालाने ठोक रक्कम मागितली होती. बँकेच्या सराफाने पाटल्या कसाला लावल्या, वजन केले. मी अर्ज भरला. 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्यात लिहिले, 'प्रवासखर्च'. बाई म्हणाल्या, "साहेब, वर्षाच्या आत सोडवून नेते." मी म्हणालो, "सावकाश न्या, मावशी."

पुढे दलाल बेपत्ता झाला. मुलगा शरमेने गावी परतलाच नाही, मुंबईत कुठे तरी हमाली करीत राहिला. मुदत संपली, नोटिसा गेल्या आणि लिलाव झाला. नोटिशीवर सही माझीच होती. मुद्दल व व्याज वळते करून उरलेली थोडी रक्कम घ्यायला मावशी आल्या. अंगठा उठवला, नोटा मोजल्या आणि जाता जाता त्यांनी विचारले, "साहेब, ते विमानाचं तिकीट खरं तर केवढ्याला असतं हो?"

मला उत्तर देता आले नाही. सोन्याचा कस, वजन, बाजारभाव, व्याजाचा दर हे सारे मी तपासले होते. ज्या वाटेसाठी ते सोने गहाण पडले, त्या वाटेचा खर्च मात्र मी विचारला नव्हता.

निवृत्तीनंतर आर्थिक इतिहासाच्या वाचनाचा छंद जडला आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या सुवर्णझुंडीचा अध्याय हाती आला. सोने कोठे सापडले, किती सापडले, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. माझे लक्ष वेधले ते वाटांनी. माणसे तेथवर गेली कशी, त्यांचे पैसे कोणी भरले आणि त्या वाटेवर कोण उभा राहिला, कोण बुडाला, हा हिशेब व्यापारी घरांतील वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

बातमी आधी कोणाला कळली?

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, अमेरिकन नदीच्या काठी, जेम्स मार्शल नावाच्या सुताराला लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. गिरणी जॉन सटर या मूळच्या स्विस जमीनदारासाठी बांधली जात होती. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात तह होऊन कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला. तहावर सही करणाऱ्यांना या सोन्याची कल्पना नव्हती.

सटरच्या किल्ल्याजवळ सॅम ब्रॅनन या व्यापाऱ्याचे दुकान होते. त्याने प्रथम फावडी, कुदळी, सोने धुण्याच्या पराती असा माल दुकानात भरून घेतला. त्यानंतर मे महिन्यात सोन्याचे कण भरलेली बाटली हातात धरून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला. माल आधी आणि दवंडी मागाहून, हा क्रम आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ही बातमी गलबतांबरोबर प्रवास करीत होती. म्हणून ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचण्याआधी हवाई बेटे, ओरेगॉन, मेक्सिकोचा सोनोरा प्रांत, पेरू आणि चिली येथे पोहोचली. १८४८ साली सोने वेचायला आलेले परके लोक मुख्यतः तिकडचे होते. न्यूयॉर्ककर एकाच देशाचे नागरिक खरे. पण समुद्राच्या हिशेबाने चिलीचे व्हालपारायसो बंदर सॅन फ्रान्सिस्कोला न्यूयॉर्कपेक्षा फार जवळ होते. ५ डिसेंबर १८४८ रोजी अध्यक्ष पोल्क यांनी आपल्या संदेशात सोन्याच्या शोधाला दुजोरा दिला, तेव्हा कोठे पूर्वेकडे झुंड उसळली. १८४९ या एका वर्षात अंदाजे ९०,००० माणसे कॅलिफोर्नियात आली. त्यांतील साधारण निम्मी समुद्राने आली, निम्मी जमिनीने. या सालावरूनच त्यांना 'फॉर्टी-नायनर्स' हे नाव पडले.

केप हॉर्नचा फेरा

पूर्व किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्राची सवय होती. त्याच्यापुढचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालणे. अंतर पंधरा हजारांहून अधिक मैल. वेळ पाच ते आठ महिने. वाटेत रिओ द जानेरो आणि व्हालपारायसो येथे पाणी व ताजे अन्न मिळे. एरवी खायला खारवलेले जिन्नस आणि किडे पडलेली कडक बिस्किटे, प्यायला पिंपातले शिळे पाणी. ताज्या भाजी-फळांअभावी हिरड्या सुजत, दात हलत. स्कर्व्ही या रोगाने माणसे दगावत. हिवाळ्यात निघालेले जहाज केप हॉर्नला पोहोचे, तेव्हा दक्षिण गोलार्धातील थंडी सुरू झालेली असे. पश्चिमेकडून येणारे वारे जहाजाला मागे रेटत आणि कित्येक दिवस ते जागच्या जागी झगडत राही.

या मार्गावरील लोकांनी पैसा उभा केला, ती पद्धत पाहण्याजोगी आहे. न्यू इंग्लंडच्या गावागावांतून भागीदारी मंडळ्या निघाल्या. प्रत्येकाने ठरावीक वर्गणी भरायची, त्यातून जहाज विकत घ्यायचे, माल भरायचा, नियमावली लिहायची आणि मिळेल ते सोने समान वाटून घ्यायचे. ज्यांना स्वतः जाणे शक्य नव्हते, ते जाणाऱ्याचा खर्च उचलत आणि त्याच्या कमाईत हिस्सा लिहून घेत. घरदार, दुकान, शेत गहाण टाकून रक्कम उभी केलेले पुष्कळ होते.

या मंडळ्यांपैकी बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच मोडल्या. कारण अप्रामाणिकपणा नव्हे. नदीच्या पात्रात तीन-चार माणसांची टोळी पुरे होती. पन्नास-शंभर भागीदारांची तेथे गरजच नव्हती. शिवाय जहाज सांभाळायला कोणी थांबावे, हा प्रश्न होताच. भागीदारीपत्रात प्रवासातील शिस्तीची बारीकसारीक कलमे होती. धंद्याच्या पहिल्या दिवसासाठी मात्र एकही उपयोगी कलम नव्हते. अशी भागीदारीपत्रे मी नोकरीतही पाहिली आहेत.

खलाशीही सोन्याच्या मागे पळाले. बंदरात शेकडो जहाजे बेवारस उभी राहिली. त्यांतील काहींची गोदामे झाली, एकाचा तुरुंग झाला. 'नियांटिक' नावाचे जहाज किनाऱ्याला ओढून त्यावर दुकाने व पुढे हॉटेल थाटण्यात आले. नंतर खाडी बुजवून शहर वाढले, आणि १९७८ साली इमारतीच्या पायासाठी खोदकाम चालू असताना त्याच जहाजाचे अवशेष जमिनीखाली सापडले.

पुढे वेगवान क्लिपर जहाजे आली. १८५१ साली 'फ्लाइंग क्लाउड' हे जहाज न्यूयॉर्कहून केप हॉर्नमार्गे ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. त्याची दिशा व मार्ग ठरविण्याचे काम कप्तानाची पत्नी एलिनॉर क्रीसी करीत होती.

पनामाची अरुंद पट्टी

ज्यांच्या गाठीशी पैसा होता आणि धीर नव्हता, त्यांनी पनामाचा मार्ग धरला. आगबोटीने चाग्रेस नदीच्या मुखाशी उतरायचे, 'बुंगो' नावाच्या लाकडी होड्यांतून नदीने वर जायचे, मग खेचरावर बसून जुन्या स्पॅनिश पायवाटेने पनामा शहर गाठायचे आणि तेथून दुसऱ्या आगबोटीने सॅन फ्रान्सिस्को. ही वाट नवी नव्हती. पेरूची चांदी स्पेनला नेण्यासाठी तीनशे वर्षांपूर्वी ती आखली गेली होती. सारे जुळून आले तर पाच-सहा आठवड्यांत प्रवास पुरा होई.

सारे जुळून येत नसे. गर्दी वाढताच होडीवाल्यांचे व खेचरवाल्यांचे दर चढले. पावसात पायवाटेचा चिखल होई. हिवताप, पीतज्वर आणि पटकी यांनी माणसे मरत. ही सर्व दिव्ये पार करून पनामा शहर गाठले, तरी पुढची बोट नसे. पॅसिफिक मेल कंपनीची 'कॅलिफोर्निया' ही आगबोट ६ ऑक्टोबर १८४८ रोजी न्यूयॉर्कहून निघाली, तेव्हा सोन्याचा गवगवा झालेला नव्हता आणि बोट जवळजवळ रिकामी होती. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जानेवारी १८४९ मध्ये ती पनामाला आली, तेव्हा शेकडो लोक किनाऱ्यावर वाट पाहत होते. क्षमतेच्या जवळपास दुप्पट प्रवासी घेऊन २८ फेब्रुवारीला ती सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि पोहोचताच तिचेच बहुतेक खलाशी पळून गेले. पनामात तिकिटांचा काळा बाजार तेजीत होता. मूळ किमतीच्या कित्येक पटींनी तिकिटे विकली जात आणि ती न परवडणारे महिनोन्‌महिने तेथेच अडकून पडत.

त्या अडकलेल्यांत कॉलिस हंटिंग्टन नावाचा एक तरुण दुकानदार होता. पुढच्या बोटीची वाट पाहण्यात त्याचे जवळजवळ तीन महिने गेले. इतर लोक पत्ते खेळण्यात वेळ घालवीत असताना हा मनुष्य पायी फिरून आजूबाजूचा माल खरेदी करी आणि वाट पाहणाऱ्या प्रवाशांना विकी. निघताना होते त्याच्या काही पटींनी भांडवल घेऊन तो कॅलिफोर्नियात उतरला. खाणीत तो फार काळ रमला नाही. सॅक्रामेंटोत त्याने लोखंडी सामानाचे दुकान काढले आणि पुढे अमेरिका खंड ओलांडणारा लोहमार्ग बांधणाऱ्या चार प्रमुख भांडवलदारांपैकी तो एक झाला.

पनामाच्या पट्टीवर १८५० साली लोहमार्गाचे काम सुरू झाले. अवघा सुमारे ४७ मैलांचा मार्ग, पण दलदल आणि रोगराई यांमुळे तो पुरा व्हायला जानेवारी १८५५ उजाडला. हजारो मजूर त्यात दगावले. खर्च सुमारे ८० लाख डॉलर. एका बाजूचे भाडे सोन्यात २५ डॉलर. तेही प्रवासी मुकाट्याने देत. कारण दुसरा पर्याय म्हणजे चिखल आणि खेचर.

स्पर्धाही आली. कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने १८५१ साली निकाराग्वातून मार्ग सुरू केला. सान हुआन नदीने वर, मग निकाराग्वाच्या विस्तीर्ण सरोवरातून पलीकडे आणि शेवटी अवघ्या १२ मैलांचा गाडीरस्ता. हा मार्ग जवळचा होता. भाडी उतरली आणि प्रवाशांचा फायदा झाला. नंतर निकाराग्वात युद्धाची धुमश्चक्री माजून तो मार्ग बंद पडला. तेव्हा व्हँडरबिल्टने आपल्या बोटी पुन्हा चालू करू नयेत यासाठी पनामा मार्गावरील कंपन्या त्याला दरमहा ४०,००० डॉलर आणि पुढे ५६,००० डॉलर देत राहिल्या. बोट न चालवण्याचे हे भाडे अखेर पनामाच्या प्रवाशांच्याच खिशातून वसूल झाले, हे उघड आहे.

बैलगाड्यांची वाट

मध्य अमेरिकेतील राज्यांचे शेतकरी समुद्रापासून दूर होते. त्यांच्याकडे रोकड कमी. पण बैल, गाडी आणि धान्य घरचे. त्यांनी जमिनीची वाट धरली. मिसूरी नदीकाठच्या इंडिपेंडन्स किंवा सेंट जोसेफ गावापासून सुमारे २,००० मैल. वेळ चार ते सहा महिने. प्लॅट नदीच्या काठाकाठाने फोर्ट लारामी, रॉकी पर्वतातील साउथ पास नावाची सोपी खिंड, मग हंबोल्ट नदी, तिच्या शेवटी चाळीस मैलांचे निर्जल वाळवंट आणि अखेरीस सिएरा नेवाडा पर्वताची चढण.

या वाटेचे वेळापत्रक कंपनीने नव्हे, गवताने आणि हिमाने ठरवले होते. एप्रिलअखेरीपूर्वी निघाले तर बैलांना माळावर चारा नाही. ऑक्टोबरनंतर सिएरात पोहोचले तर खिंड हिमाने बंद. १८४६ साली डॉनर कुटुंबाबरोबर निघालेला सुमारे ८७ माणसांचा तांडा जवळची म्हणून सांगितलेली आडवाट धरून गेला, उशिरा पोहोचला आणि हिमात अडकला. त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. ही हकीगत १८४९ च्या प्रत्येक गाडीवानाला ठाऊक होती.

लोकांच्या मनात भीती होती ती मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांची. प्रत्यक्षात बळी घेतले ते मुख्यतः पटकीने आणि अपघातांनी. नदीकाठचे दूषित पाणी पिऊन धडधाकट माणूस सकाळी आजारी पडे आणि संध्याकाळी त्याला वाटेतच पुरावे लागे. दुसरी चूक ओझ्याची. लोखंडी चुली, पेट्या, अवजारे, जरुरीपेक्षा जास्त पीठ असे सारे गाडीत लादून लोक निघाले आणि बैल थकू लागताच रस्त्याच्या कडेला ते फेकत गेले. वाळवंटाच्या पट्ट्यात तर मोडक्या गाड्या आणि मेलेली जनावरे हीच वाटेची खूण झाली होती.

सारा रॉइस ही तरुण स्त्री पती आणि दोन वर्षांच्या मुलीसह याच वाटेने गेली. हंबोल्ट नदी संपते तेथे थोडे बाजूला गवताचे कुरण होते. वाळवंटात शिरण्यापूर्वी तेथे थांबून चारा-पाणी भरून घ्यायचे असे. त्यांचे ते वळण चुकले. वाळवंटात बरेच आत गेल्यावर चूक लक्षात आली. पुढे जाणे म्हणजे बैलांचा मृत्यू, म्हणून त्यांनी गाडी मागे फिरवली. सगळे जग सोन्याकडे निघालेले आणि हे तिघे उलट्या दिशेने. अंथरुणातले गवत काढून त्यांनी बैलांना चारले. कुरण गाठले, चारा भरला आणि पुन्हा निघाले. ऑक्टोबरात सिएराच्या पायथ्याशी सरकारने धाडलेल्या मदत पथकाची माणसे त्यांना भेटली. गाडी सोडून, खेचरांवर बसून त्यांनी हिम पडण्यापूर्वी खिंड ओलांडली. त्या माऊलीचा पुढे जन्मलेला मुलगा जोसाया रॉइस हा अमेरिकेतील नामवंत तत्त्वज्ञ झाला. इतके चालून आल्यावर मागे फिरायचे कसे, या विचाराने किती गाड्या वाळवंटात राहिल्या असतील! धंद्यातही बुडत्या खात्यात आणखी पैसा ओतणारे याच विचाराने ओततात.

उधारीचे तिकीट

पॅसिफिक महासागराच्या पलीकडून चिनी लोक आले. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून हाँगकाँग आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को. एकट्या १८५२ साली सुमारे २०,००० चिनी कॅलिफोर्नियात उतरले. त्यांतील अनेकांचे तिकीट उधारीवर काढलेले असे. दलाल किंवा व्यापारी भाडे भरी. तिकडे पोहोचल्यावर मजुरीतून मुद्दल व भारी व्याज फेडायचे. कर्ज फिटेपर्यंत माणूस नावाला स्वतंत्र, कामाला बांधील. गावाकडे राहिलेल्या कुटुंबाला पैसे पाठवायचे ते वेगळेच. त्यातच परदेशी खाणकामगारांवर कॅलिफोर्नियाने १८५० साली दरमहा २० डॉलरचा कर बसवला. तो मुख्यतः मेक्सिकन व चिली लोकांना भोवला. १८५२ साली दरमहा ३ डॉलरचा कर आला; त्याचा मोठा भार चिन्यांवर पडला.

कर वाट कशी वळवतो, याचे उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियात पाहावे. १८५१ साली तेथेही सोने सापडले. १८५५ साली व्हिक्टोरिया वसाहतीने आपल्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर लावला. जहाजवाल्यांनी मग चिन्यांना शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या लहानशा बंदरात उतरवायला सुरुवात केली. तेथून खाणींपर्यंतची चारशेहून अधिक किलोमीटरची वाट हजारो माणसे कावडी खांद्यावर घेऊन रांगेने पायी चालली. कर चुकला, पाय मात्र झिजले.

जमा कोणाची, नावे कोणाची?

आता खतावणी पाहू. खाणीतल्या माणसाची रोजची सरासरी कमाई १८४८ साली अंदाजे २० डॉलर होती. १८५२ पर्यंत ती ६ डॉलरच्या आसपास आली. म्हणजे जो जितका दूरच्या वाटेने आणि उशिरा आला, त्याच्या वाट्याला तितके कमी सोने आले. आणि वाटेचे कर्ज मात्र त्याच्यावरच अधिक. ज्याला सोने प्रथम दिसले तो मार्शल गरिबीत मेला. सटरची जमीन झुंडीने बळकावली. दवंडी पिटणारा ब्रॅनन कॅलिफोर्नियातील पहिल्या धनाढ्यांत गणला गेला. पण अखेरीस त्याचीही संपत्ती हातची गेली.

स्थिर कमाई झाली ती सेवा व व्यापार करणाऱ्यांची. लुझीना विल्सन ही स्त्री पती व दोन लहान मुलांसह बैलगाडीने आली. वाटेतल्या मुक्कामावर ती रोट भाजत असताना एका खाणकामगाराने एकाच रोटासाठी ५ डॉलर देऊ केले. ती गोंधळली, तेव्हा त्याने १० डॉलर काढले. बाईच्या हातचे खाऊन त्याला फार दिवस झाले होते. पुढे नेवाडा सिटीत तिने फळ्या ठोकून टेबल केले, खानावळ घातली आणि तिचेच हॉटेल झाले. जॉन स्टूडबेकरने खाणकामगारांना हातगाड्या करून विकल्या आणि १८५८ साली ८,००० डॉलर घेऊन परत जाऊन भावांच्या गाड्यांच्या कारखान्यात घातले. हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी १८५२ साली सोने व टपाल वाहून नेण्याची आणि पेढीची अशी दोन्ही कामे एका छपराखाली आणली.

तरीही 'फावडी विकणारा श्रीमंत होतो' हे वाक्य आपण फार सहज बोलतो, असे मला वाटते. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला सॅन फ्रान्सिस्कोचा भाव कळायला काही आठवडे लागत. त्या भावावर भरलेला माल केप हॉर्नमार्गे पोहोचायला आणखी पाच-सहा महिने. तोवर तोच विचार केलेले पन्नास व्यापारी माल घेऊन हजर असत. भाव असा कोसळे की न विकलेल्या मालाच्या पेट्या चिखलाच्या रस्त्यात पायवाट म्हणून टाकल्याची नोंद आहे. वर १८४९ ते १८५१ या काळात शहर वारंवार आगीत भस्मसात झाले. वाटेची लांबी हीच व्यापाऱ्याची खरी जोखीम होती.

परतीची वाटही जोखमीचीच. सप्टेंबर १८५७ मध्ये पनामाकडून न्यूयॉर्कला निघालेली 'सेंट्रल अमेरिका' ही आगबोट वादळात बुडाली. ४२५ माणसे आणि कित्येक टन सोने तळाला गेले. न्यूयॉर्कमध्ये आधीच एक मोठी वित्तसंस्था बुडून घबराट होती. बँका या सोन्याची वाट पाहत होत्या. ते आले नाही आणि त्या वर्षीची मंदी अधिक गडद झाली.

या खतावणीत एक नोंद अशी आहे की तिची भरपाई कोणी केली नाही. ज्यांच्या भूमीवर हे सारे घडले त्या कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांची संख्या १८४८ च्या सुमारास अंदाजे दीड लाख होती; १८७० पर्यंत ती ३०,००० वर आली. रोगराई, उपासमार आणि उघड हत्या ही त्याची कारणे. त्यांनी कोणतीही वाट धरली नव्हती. ते घरीच होते.

आपल्या खजिन्यापर्यंत

या सोन्याचा धक्का आपल्याकडेही पोहोचला. १८४१ पासून कंपनी सरकारच्या खजिन्यात सोन्याची मोहर १५ रुपये या दराने भरता येत असे. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथील सोन्यामुळे सोन्याचा भाव उतरेल, अशी भीती निर्माण झाली. खजिन्यात उतरत्या भावाचे सोने साचेल म्हणून डलहौसीच्या सरकारने १ जानेवारी १८५३ पासून सरकारी भरण्यात सोने स्वीकारणे बंद केले. कोलोमाच्या पाटात चमकलेल्या कणांमुळे पाच वर्षांच्या आत आपल्या देशात सरकारी देणे सोन्यात भागवण्याची सोय संपली.

१० मे १८६९ रोजी खंड ओलांडणारा लोहमार्ग जोडला गेला. जेथे सहा महिने लागत, तेथे प्रवास साधारण एका आठवड्यावर आला आणि केप हॉर्न, पनामा, बैलगाड्यांची वाट या तिन्ही प्रवाशांच्या दृष्टीने मागे पडल्या.

मावशींच्या त्या प्रश्नानंतर मी एक केले. अर्जात 'प्रवासखर्च' असे आले की मी कागद पुढे सरकवून म्हणे, "तिकीट किती, व्हिसा किती, दलालाचे किती, तिकडे पहिला पगार होईपर्यंतचे किती, आणि काम नाहीच मिळाले तर परत येण्याचे किती, हे वेगवेगळे लिहा." कित्येकांना राग येई. दोन-तीन जण दागिने उचलून दुसऱ्या बँकेत गेले. पण काही जण कागद घरी घेऊन गेले आणि आठ दिवसांनी कमी रक्कम मागायला आले. एक जण तर पुन्हा आलाच नाही, त्याने गावातच दुकान घातल्याचे पुढे कळले.

आज आपल्या घरांतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी दूर जातात, त्यांनी जावेच. मात्र आजीचे सोने तारण ठेवण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि वाटेचा हिशेब कलमवार मांडावा. त्यात परतीच्या वाटेचा रकानाही असावा.

त्या दोन पाटल्या तेहेतीस ग्रॅमच्या होत्या. कर्जाचा क्रमांक विसरलो, वजन विसरलेलो नाही.